बर्फातून परतलेली चौकट

मी प्राणहिता बोलतेय. नाव ऐकून तुम्ही नदीकडे पाहाल, पण मी नदी नव्हे. मी नौदलाचं शिडाचं जहाज होते. पृथ्वीच्या तळाशी समुद्र गोठतो ना, तिथपर्यंत जाऊन आलेली. आता आरमोरीजवळ वैनगंगेच्या काठी एका ढिवराच्या घराला मी चौकट म्हणून लागले आहे. जहाजाची चौकट कशी झाली, असं विचारत लोक माझ्यावर हात फिरवतात आणि त्याच नादात आत शिरताना कपाळ आपटून घेतात. चौकट ठेंगणी आहे. ती ठेंगणी का राहिली तेही सांगेन, पण सुरुवातीपासून सांगू द्या.

माझं मूळ अहेरीकडच्या जंगलातलं. टेकडीच्या उतारावर मी सागाचं झाड म्हणून उभी होते. तिकडे सागाचं कौतुक कुणाला, पावलापावलावर साग. पण मी वाढले ती अगदी सरळ. खाली फांदी नाही, खोडाला गाठ नाही, थेट आभाळाकडे. मला स्वतःचा मोठा अभिमान होता. माझ्या शेजारचा वाकडातिकडा साग मात्र अजून तिथेच उभा आहे, असं ऐकते.

एके दिवशी जंगलखात्याचे गार्डसाहेब चार पाहुण्यांना घेऊन आले. पाहुण्यांनी माझ्याभोवती चक्कर मारली, मान मागे टाकून शेंडा पाहिला, खोडावर टकटक केली. ते गेले आणि माझ्या बुंध्यावर हातोड्याचा शिक्का बसला. तो शिक्का बसला की पुढे काय होतं, ते जंगलातल्या पाखरांनाही ठाऊक असतं. माझ्या फांद्यांतल्या पाखरांनी त्या वर्षी घरटी बांधली नाहीत.

तोडायला आलेल्या टोळीत मनसाराम होता. तो मूळचा ढिवर, वैनगंगेत जाळं टाकणारा. उन्हाळ्यात नदी आटली, मासे मिळेनासे झाले, की तो इकडे कटाईच्या मजुरीवर यायचा. त्या साली त्याचा मुलगा अमर सोबत होता. नुकतीच बारावीची परीक्षा दिलेला, खांद्यानं बापाच्या बरोबरीचा. मोठ्या आऱ्याचं एक टोक बापाकडे आणि दुसरं लेकाकडे, अशी ती जोडी होती.

त्या टोळीची एक रीत होती. पहिला घाव घालण्याआधी तोडणाऱ्यानं झाडावर तळवा टेकायचा आणि त्याला सांगायचं, तू कुठे जाणार आहेस. पलंग होणार असेल तर पलंग. नांगर होणार असेल तर नांगर. सरणाला जाणार असेल तर तेही तोंडावर सांगायचं. ठाऊक नसेल तर गार्डला विचारून यायचं, अंदाजानं काही बोलायचं नाही. ज्याचा जीव घेतो त्याला निदान खरं सांगावं, एवढंच त्या माणसांचं म्हणणं होतं. मला ते तेव्हाही पटलं होतं आणि आजही पटतं.

मनसाराम आला. त्याचा तळवा माझ्या सालीवर टेकला. जाळ्याच्या दोऱ्यांनी चिरलेला, खरखरीत तळवा. त्यानं एकदा माझ्या शेंड्याकडे पाहिलं. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू चौकट होशीन. कोन्याच्या तरी घराची. लेकरं येतीन, जातीन. लगीन निंघन तं तुले आंब्याचे पानं बांधतीन. भेऊ नोको."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मरायचंच आहे तर चौकट होऊन मरावं. सावली गेली तरी माणसांची ये-जा राहील, असं मी मनाला समजावलं.

मग आरा लागला. आरा अंगात शिरताना काय होतं ते सांगत बसत नाही. वर-खाली, वर-खाली, आणि प्रत्येक खेपेला माझा एकेक वर्षाचा पदर फाटत होता. भुसा रक्तासारखा त्यांच्या पायांवर सांडत होता. निम्म्यात आल्यावर अमर धापा टाकत थांबला आणि म्हणाला, "बा, तुमी त्याले खोटं काऊन बोल्ले जी? गार्डसाहेब तं जहाज म्हणत होते. बर्फाच्या समुद्रात जाणारं जहाज."

"चूप बस अन् आरा ओढ."

"पन रीत हाय ना आपली?"

मनसारामनं घाम पुसला. "अरे, डोंगरावर जलमलं ते. त्याले समुद्राचं सांगून काऊन भेव दाखवाचं? आपल्यातले किती लोकं पान्यात गेले ते मी पाह्यलो हाव. मले नाई सांगवलं."

म्हणजे मला कळलं ते असं, अर्धी कापली गेल्यावर. राग धरायलाही वेळ नव्हता. पाचर ठोकली, कुऱ्हाडीचे घाव बसले, आणि आतून कडाड असा आवाज झाला. मी गेले ते दोन कोवळी झाडं मोडत, मोहाची एक अख्खी फांदी उपटत. जमिनीवर आदळताना माझा बुंधा उसळून मागे आला. मागे लच्छू नावाचा मजूर उभा होता. त्याच्या नडगीचं हाड कातडं फाडून बाहेर आलं. तो ओरडला तसं माणूस ओरडताना मी तोवर ऐकलं नव्हतं.

लच्छूला बाजेवर घालून नेलं. मनसाराम तिथेच माझ्या फांद्यांत मटकन बसला. "मी खोटं बोल्लो म्हणून झालं हे," तो म्हणाला. "झाडानं सूड घेतला."

मी सूड घेतला नव्हता. पडणाऱ्या झाडाला कुठे पडायचं ते कळत नाही हो. पण हे त्याला कोण सांगणार. ती भीती त्याच्या मनात जी रुतून बसली, ती निघालीच नाही.

पुढे मला ट्रकवर बांधून समुद्रकाठच्या एका कारखान्यात नेलं. सोललं, तासलं, गोल केलं आणि एका मोठ्या जहाजाच्या मधोमध रोवलं. मी त्या जहाजाची मुख्य डोलकाठी झाले. अंगात लोखंडी खिळे ठोकले गेले, कमरेला पोलादी पट्ट्या आवळल्या. माझ्या आजूबाजूला फळ्या होत्या त्याही आमच्याच जंगलातल्या. हळूहळू आम्ही सगळी लाकडं एक झालो आणि जहाजाचा म्हणून जो जीव असतो तो माझ्या बुंध्यात येऊन राहिला. म्हणून तर आज मी बोलू शकते.

आजच्या काळात शिडाचं जहाज कशाला, असं सगळेच विचारायचे. त्याचं कारण होतं. दक्षिणेच्या बर्फाळ समुद्रात देवमाशांचे आवाज ऐकायचे होते आणि इंजिनाच्या घरघरीत ते ऐकू येत नाहीत. शिडावर चालणारं जहाज गपचूप जातं. इंजिन मलाही होतं, पण ते अडीअडचणीपुरतं. कामाचं नाव फार मोठं, ध्रुवीय संशोधन. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ कानाला यंत्र लावून बसायचे आणि खलाशी दोर ओढून मरायचे.

माझं नाव प्राणहिता ठेवलं, कारण माझं लाकूड त्या नदीच्या मुलखातलं. ही बातमी गडचिरोलीपर्यंत गेली. अमर तोवर नौदलात भरती झाला होता. त्यानं खटपट करून माझ्यावरच बदली मागून घेतली.

पहिल्याच दिवशी तो डेकवर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि माझ्यावर तळवा टेकला. मी तो तळवा ओळखला. बापासारखाच रुंद, फक्त चिरा कमी होत्या.

"माह्या बापानं तुले खोटं सांगतलं," तो म्हणाला. "तू चौकट नाई झाली. मी तुले खरं सांगाले आलो. जिथं जिथं जाशीन, ते मी आधी सांगन."

आणि त्यानं शब्द पाळला. बंदर सोडण्याआधी रोज येऊन सांगायचा, आज इकडे जाणार, उद्या तिकडे. बाकीचे हसायचे. त्याचा मित्र सुनिल, मूल गावचा, भातगिरणीत वाढलेला पोरगा, तो तर म्हणायचा, "अमऱ्या, इतकं तं मी बायकोलेबी सांगत नाई." अमर हसून सोडून द्यायचा. घरचं मात्र तो मला हळूच सांगायचा. निघताना बापानं वाट अडवली होती. "त्या झाडावर जाऊ नोको, मी त्याले फसवलो हाव," असं मनसाराम पुन्हापुन्हा म्हणत होता. आई गिरजा मात्र म्हणाली होती, जाऊ द्या त्याले. गावतळ्याच्या खालच्या अंगाला त्यांची धानाची एवढीशी बांधी, म्हणजे भातखाचर, होती. अमरनं आईला सांगितलं होतं, "पुढच्या साली धान कापाले येतो, माय. माहा इळा धार लावून ठेव." आणि अमर खोटं बोलत नाही, हे गिरजाला पक्कं ठाऊक होतं.

आम्ही दक्षिणेला निघालो. ऊन गेलं, मासे उडायचे थांबले, पाण्याचा रंग शिशासारखा झाला. मग बर्फाचे डोंगर दिसू लागले. अमर आमच्या मुलखातला. त्यानं बर्फ पाहिला होता तो फक्त मासळी ठेवायच्या पेटीतला. पहिला डोंगर पाहून तो म्हणाला, "इतक्या बर्फात तं सगळ्या वैनगंगेचे मासे मावतीन."

हसणं तेवढंच झालं. त्यानंतर वादळ आलं.

तिथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही. त्यामुळे जे झालं ते सगळं लख्ख उजेडात झालं, झाकायला अंधारही मिळाला नाही. वारा शिडांना असा फाडत होता की चिंध्या उडून डेकवरच्या माणसांच्या तोंडावर चाबकासारख्या बसत. एकाचा डोळा तसाच गेला. लाट अंगावर आली की निथळायची नाही, गोठून बसायची. दोर मनगटाएवढे होते ते मांडीएवढे झाले. मी वरून जड होत चालले, आणि वरून जड झालेलं जहाज उलटतं. म्हणून सगळे लाकडी मोगऱ्या घेऊन बर्फ झोडत होते. हातमोजे फाटले, बोटं फुटली, कातडं दोरांना चिकटून सोलून निघालं. बर्फावर लाल डाग पडायचे आणि पुढची लाट ते पुसून टाकायची.

मधेच बर्फाचा एक तुकडा, आपल्या बाजारातल्या गोडाऊनएवढा, माझ्या नाकाडावर येऊन धडकला. तिथे मढवलेला पोलादाचा पत्रा कागदासारखा चुरगळला. पाळी संपवून आत झोपलेला एक खलाशी उडून खांबावर आदळला आणि पुन्हा उठला नाही. त्याला शिडाच्या फाटक्या कापडात गुंडाळून खाली ठेवलं. रडायला कुणालाच सवड नव्हती.

मग ती लाट आली. तिनं मला पुरतं आडवं केलं. माझं टोक पाण्याला लागलं. उठायला गेले आणि मोडले. माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, डेकच्या वर, कडाड. तो आवाज मी अहेरीला एकदा ऐकला होता.

मोडले, पण तुटून वेगळी झाले नाही. वरचा सगळा भाग कठड्यावरून पाण्यात पडला. तारांनी, दोरांनी आणि बुंध्यापाशी उरलेल्या लाकडाच्या जाड पट्ट्यानं तो मलाच बांधलेला राहिला. प्रत्येक लाटेबरोबर तो उचलला जाई आणि उखळात मुसळ पडावं तसा माझ्याच बरगड्यांवर आदळे. माझंच अर्धं अंग मला ठार मारत होतं. दोन तडाख्यांत एक फळी फुटली आणि पाणी आत घुसलं. आणखी थोडा वेळ असंच चाललं असतं तर मी बुडाले असते, आणि माझ्या पोटातली सगळी माणसं माझ्याबरोबर. त्या पाण्यात माणूस किती टिकतो ते विचारू नका.

कप्तान ओरडला, तारा कापा. माणसं सरपटत गेली, तारा कापल्या. एकाचा पंजा तारेखाली येऊन चिरडला. तारा सुटल्या, दोर सुटले. उरला तो बुंध्यापाशी चिकटून राहिलेला लाकडाचा पट्टा. तिथे कुऱ्हाडच लागणार होती, आणि दर उन्हाळ्यात कुऱ्हाड चालवणाऱ्या बापाचा लेक जहाजावर एकच होता.

अमर आला. कमरेला दोर, दोराचं टोक डेकवरच्या कड्यात अडकवलेलं. मागे सुनिल त्याला आधार देत उभा. अमरनं कुऱ्हाड उचलली.

आणि खाली केली.

वाकून त्यानं मोडलेल्या जागेवर तळवा टेकला. मागे कप्तान बेंबीच्या देठापासून ओरडत होता, "काट! अमर, काट दे!" सुनिल त्याच्या पाठीवर बुक्क्या मारत होता. अमरच्या ओठांवर बर्फ जमला होता, त्याला नीट बोलताही येत नव्हतं. पण तो बोलला, आणि ते माझ्याशिवाय कुणीही ऐकलं नाही.

"चौकट म्हणलं होतं तुले. खोटं होतं ते. मी खरं सांगतो. तुले पान्यात सोडून राह्यलो. परत आनत नाई. बाकीचे जगले पायजेत. माफ कर मले."

दोन श्वास लागले असतील त्याला. मग कुऱ्हाड चालली. बापानं शिकवलेले घाव, तिरपे, एकाखाली एक. लाकूड सुटलं. त्याच क्षणी लाट आली. सुटलेला ओंडका पाण्यात जायच्या आधी एकदा उसळून मागे आला, लच्छूच्या वेळी आला होता तसाच. तो अमरच्या छातीवर बसला. माणसाला वाचवायला बांधलेला दोर सुतळीसारखा तुटला. अमर आणि माझा वरचा भाग, दोघं एकदमच कठड्यापलीकडे गेले.

दोन श्वास आधी कुऱ्हाड पडली असती तर ती लाट यायच्या आत लाकूड पाण्यात गेलं असतं. हे मला ठाऊक आहे.

मी बुडाले नाही. पाणी उपसलं गेलं, भोक बुजवलं गेलं. वादळ ओसरल्यावर त्यांनी इंजिन चालवून त्या जागेभोवती पुष्कळ फेऱ्या मारल्या. बर्फाचे तुकडे होते, शिडाची एक चिंधी तरंगत होती. अमर सापडला नाही. सुनिल माझ्या उरलेल्या खुंटाला मिठी मारून गुरासारखा हंबरला.

परत आल्यावर मला दुरुस्त करण्यात अर्थ नाही असं ठरलं. जहाज मोडायचं काम कटाईपेक्षा वाईट. झाड तोडताना निदान कुणी दोन शब्द बोलतं. इथे पहारी आल्या, करवती आल्या आणि बरगड्या मोजल्याशिवाय मोडल्या गेल्या. माझ्यावरच्या खलाशांनी विनंती करून डोलकाठीचा खुंट तेवढा मागून घेतला. अमरच्या घरी द्यायचा म्हणून. तो घेऊन सुनिल आरमोरीला आला, ट्रकमध्ये माझ्याशेजारी बसून.

मनसारामच्या अंगणात मला उतरवलं. मी त्याला पाहिलं आणि ओळखलंच नाही. खांदे गेले होते, डोळे खोल गेले होते. गिरजा दाराशी बसून होती. दार म्हणजे काय, बांबूच्या कामट्यांचा विणलेला ताटवा. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती सुनिलच्या मागे पाहत होती, ट्रकमधून आणखी कुणी उतरतंय का ते.

सुनिलनं सगळं सांगितलं. वादळ, मोडलेली डोलकाठी, कुऱ्हाड. मग तो अडखळला. "भाऊ, एक गोठ मले समजत नाई. त्यानं कुऱ्हाड उचलली अन् थांबला. लाकडावर हात ठेवला. काईतरी बोलून राह्यला होता. मी माराले लागलो त्याले, तरी बोलतच होता. जहाजावरचे लोकं म्हणतात, भेवानं त्याचं डोस्कं फिरलं असन."

मनसाराम उभा होता तो खाली बसला. सुनिलला कळलं नव्हतं, कप्तानला कळलं नव्हतं, त्या सगळ्या शिकलेल्या-सवरलेल्या माणसांत कुणाला कळण्यासारखं नव्हतंच. त्याला मात्र लगेच कळलं.

"भेला नाई तो," तो म्हणाला. "लाकडावर हात ठेवला ना? मंग भेला नाई. मी शिकवलो होतो त्याले ते. म्या शिकवलो."

एवढं बोलून तो उठला आणि घरामागून कुऱ्हाड घेऊन आला. सुनिल मधे आला त्याला ढकलून दिलं. पहिला घाव माझ्यावर बसला. "माह्या खोट्यापायी खाल्लं तू त्याले!" दुसरा घाव. "मले खाचं होतं! मी बोल्लो होतो खोटं, मले खाचं होतं!" तिसरा घाव माझ्यातल्या लोखंडी खिळ्यावर बसला, ठिणगी उडाली, कुऱ्हाडीची धार तुटून त्याच्याच गालाला चाटून गेली. रक्त गळ्यापर्यंत ओघळलं तरी तो थांबेना. बर्फानं केले नव्हते तेवढे घाव त्या म्हाताऱ्यानं माझ्यावर केले. मला ते लागले नाहीत. मला त्याची दया आली आणि माझं बोलणं त्याला ऐकू जात नाही याचा आयुष्यात पहिल्यांदा राग आला. अरे बाबा, तुझ्या लेकानं माझा हिशेब केव्हाच चुकता केला होता.

गिरजा धावत आली आणि माझ्यावर आडवी पडली. वर उगारलेली कुऱ्हाड तिच्या पाठीच्या वर थांबली.

"मारा," ती म्हणाली. "यावर माह्या पोराचा हात लागला होता शेवटचा. त्याच्यावर कुऱ्हाड लावता? मारा मंग मलेबी."

कुऱ्हाड खाली पडली. मनसाराम गुडघ्यांवर बसला, रक्ताळलेला तळवा त्यानं माझ्यावर टेकला. म्हणाला, "चौकट म्हणलो होतो तुले. आता चौकटच करतो. आता खोटं नाई बोलत."

दुसऱ्याच आठवड्यात आरमोरीचा इतवारी सुतार आला. त्यानं खिळे काढले, कुऱ्हाडीनं फुटलेला भाग कापून टाकला, समुद्रानं सडवलेलं टोक काढलं. उरलं त्यात पुरी उंचीची चौकट निघेना. इतवारी म्हणाला, खालून दुसरं लाकूड जोडतो. मनसाराम नाही म्हणाला. एवढीच लावायची, लोक वाकून येतील. तर चौकट ठेंगणी आहे ती अशी.

तेव्हापासून मी इथे आहे. येणारेजाणारे वाकतात, विसरतात ते आपटतात आणि मलाच शिव्या देतात. कुत्रं अंग घासतं. पण लग्नाची आंब्याची पानं मला कुणी बांधली नाहीत.

मनसारामनं आपला शब्द पाळला. माझ्यावर हात असताना तो खोटं बोलत नाही. कुणी आलं आणि त्याला काही लपवायचं असलं, तर तो माझ्यापासून दोन हात दूर जाऊन उभा राहतो. गावातल्यांना ही एक गंमत वाटते. गिरजाला ती गंमत वाटत नव्हती. तिनं ते बरोबर हेरलं होतं.

ती त्याला रोज विचारायची, "येईन ना जी तो?" पण विचारायची ती अंगणातून, नाहीतर चुलीपासून, नाहीतर नदीवर जाळं धुताना. माझ्याजवळ कधीच नाही. तिथे तो म्हणायचा, "येईन, येईन." आणि ती आपल्या कामाला लागायची. अमर धान कापायला येतो म्हणाला होता. दर हंगामात ती त्याच्या विळ्याला धार लावून ठेवायची. तो विळा माझ्याच वरच्या खाचेत खोचलेला असायचा. शेजारपाजारचे बोलायचे, पोराचं दिवसपाणी करून टाका. ती ऐकून घ्यायची नाही.

यंदाच्या हंगामातली गोष्ट. बांधीतलं धान पिवळं झालं होतं. सकाळी मनसाराम बाहेर निघाला, सवयीनं वाकला आणि आधाराला माझ्यावर हात ठेवला. गिरजा आतून आली आणि त्याच्या अगदी जवळ उभी राहिली. तिनं विळ्याकडे पाहिलं, मग त्याच्या हाताकडे.

"अमरच्या बा," ती म्हणाली, "येईन ना जी तो धान कापाले?"

त्याचा हात माझ्यावरच होता. तो काढून घेता आला असता. एक पाऊल टाकलं असतं तर तो अंगणात असता आणि नेहमीसारखं येईन म्हणता आलं असतं. मी बर्फाच्या समुद्रात आडवी झाले तेव्हासुद्धा इतकी घाबरले नव्हते. तो हात हलला नाही.

"नाई येत, गिरजा," तो म्हणाला. "तो गेला. येत नाई आता."

गिरजानं कपाळ माझ्यावर आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा कपाळ फुटलं. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो इतकी वर्षं तिनं कुठे दाबून ठेवला होता कोण जाणे. मनसारामनं तिला धरलं, मग तोही रडला. माझ्या दोन बाजूंना दोघं बसून होती आणि मी मधे. लाटांचा मार मी खाल्ला आहे, बर्फाचा खाल्ला आहे, कुऱ्हाडीचा तर विचारूच नका. त्या कपाळाचा मार सगळ्यांत जड होता.

उन्हं वर आल्यावर ती उठली. कपाळावरचं रक्त पदरानं पुसलं. माझ्या खाचेतला अमरचा विळा काढला, धार बोटानं पाहिली आणि तो घेऊन बांधीवर गेली. त्या दिवशी धान तिनं त्याच विळ्यानं कापलं.

माझी कहाणी इथवरच. माझा वरचा अर्धा भाग अजून त्या थंड पाण्यात कुठेतरी तरंगतोय, अमरही तिथेच आहे. त्या लाकडाला जाताना कुणी फसवलं नाही, एवढं समाधान मला आहे. तुम्ही उद्या एखादं झाड तोडाल, तुम्हाला तोडावंच लागेल, तर तळवा टेकून त्याला खरं काय ते सांगा. आम्हाला भीती वाटते, पण सहन होते.

आणि या घरी कधी आलात तर जरा वाकून या. गिरजा आत असते, ती आलेल्याला पाणी देते.